लेबल झाकून पाहा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात ‘चव, किंमत आणि प्रतिष्ठा’ या विषयावर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आरंभीच एक कबुली देतो. मी मद्य घेत नाही. ज्या चळवळीत मी लहानाचा मोठा झालो, तिच्यात दारूबंदीच्या प्रभातफेऱ्यांत घोषणा देण्याचे काम माझ्याकडे असे. तेव्हाची सवय घशाला कायमची जडली. त्यामुळे ‘ज्याने कधी पेला ओठाला लावला नाही, त्याने वाइनच्या पारख्यांविषयी बोलावे हे कितपत योग्य?’ असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर तो रास्तच आहे. परंतु वाइनची चव हा माझा विषयच नव्हे. त्या चवीभोवती उभारलेला अधिकार, त्या अधिकाराच्या बळावर ठरणारी किंमत आणि त्या किमतीपुढे सामान्य माणसाला स्वतःच्या जिभेविषयी वाटू लागणारी लाज, याविषयी मी बोलणार आहे.

कांद्याचा भाव कोसळतो आहे, कंत्राटी कामगारांना किमान वेतन मिळत नाही, आणि अशा वेळी हा विषय कशासाठी, असेही कोणी विचारील. त्याला उत्तर म्हणून एक प्रसंग सांगतो.

नाशिक जिल्ह्यातील आपल्या एका साथीची मुलगी द्राक्षमद्याच्या एका कारखान्यात, पाहुण्यांना वाइन चाखायला देणाऱ्या दालनात कामाला लागली. तिला एक कागद पाठ करायला दिला होता. या वाइनला अमुक परदेशी फळाचा गंध आहे, त्या वाइनला ओल्या दगडाचा, तिसरीला जुन्या चामड्याचा. त्यांतली निम्मी फळे तिने आयुष्यात पाहिलेली नव्हती. एके दिवशी तिचे वडील तेथे आले. त्यांच्याच मळ्यातल्या द्राक्षांची वाइन त्यांना पेल्यात दिली गेली. त्यांनी एक घोट घेतला, दोन्ही बाजूंच्या पाहुण्यांकडे पाहिले आणि हलक्या आवाजात मुलीला विचारले, “पोरी, चांगली झाली आहे का गं ही?”

साथींनो, ज्या माणसाने चाळीस वर्षे वेलीची छाटणी केली, भुरी आणि डाऊनीशी झुंज दिली, मण्याला बोट लावून साखर भरली की नाही हे सांगितले, त्याला आपल्याच द्राक्षांविषयीचा निर्णय परक्याकडून मागावासा वाटला. हे त्याचे अज्ञान नव्हते. हा अधिकार आपला नाही, असे त्याला कोणीतरी शिकवले होते. ते कोणी आणि कसे शिकवले, हे समजून घेणे मला राजकीय काम वाटते.

आधी किंमत, मग गुण

वाइनच्या दरबारातील मानकऱ्यांची एक जुनी यादी फ्रान्समधील बोर्दो प्रांताची आहे. १८५५ साली तिसऱ्या नेपोलियनने पॅरिसला मोठे औद्योगिक प्रदर्शन भरविले. त्यात मांडण्यासाठी बोर्दोच्या व्यापारी मंडळाने तेथील दलालांकडून मळ्यांची प्रतवारी करून घेतली. तांबड्या वाइनचे पाच दर्जे ठरले. पहिल्या दर्जात फक्त चार मळे बसले: लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ. (यातील लातूरचा आपल्या लातूरशी काही संबंध नाही, हे सांगून ठेवतो.)

आता ही प्रतवारी कशाच्या आधारे झाली? दलालांनी त्यासाठी पेले भरून रात्री जागविल्या नाहीत. त्यांनी आपल्या वह्या उघडल्या, आणि ज्या मळ्याच्या मालाला वर्षानुवर्षे जास्त भाव मिळत आला होता तो वरच्या दर्जात, कमी भावाचा खालच्या दर्जात, असा हिशेब लावला. म्हणजे किंमत जास्त म्हणून दर्जा वरचा. पुढे हेच वाक्य उलटे झाले आणि दर्जा वरचा म्हणून किंमत जास्त ठरू लागली. दीडशेहून अधिक वर्षांत या यादीत नाव घ्यावा असा बदल एकच झाला: १९७३ साली मूताँ-रोथशील्ड हा मळा दुसऱ्या दर्जातून पहिल्यात गेला. त्या मळ्याच्या मालकाने त्यासाठी अनेक दशके खटपट केली होती. एवढ्या काळात मळ्यांचे मालक बदलले, जमिनी विकल्या-घेतल्या गेल्या, १९व्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सच्या वेली मुळापासून खाल्ल्या आणि अमेरिकी खुंटावर कलमे करून सगळे मळे नव्याने उभे करावे लागले. यादी मात्र जागची हलली नाही. ज्या देशात जन्मावरून माणसाची पायरी ठरत आली, त्या देशातील श्रोत्यांना हा प्रकार अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी.

परीक्षकांची परीक्षा

या दरबाराची भिंत प्रथम मोठ्याने हादरली ती २४ मे १९७६ रोजी. स्टीव्हन स्परिअर नावाचा एक इंग्रज व्यापारी पॅरिसमध्ये वाइनचे दुकान चालवीत असे. त्याने फ्रान्समधील नऊ नामांकित परीक्षकांना बोलावले आणि फ्रेंच व कॅलिफोर्नियाच्या वाइन लेबल झाकून त्यांच्यापुढे ठेवल्या. निकाल लागला तेव्हा पांढऱ्या आणि तांबड्या अशा दोन्ही प्रकारांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाचा होता. तांबड्या प्रकारात ज्या मळ्याने पहिला क्रमांक पटकावला, त्याने थोड्याच वर्षांपूर्वी लावलेल्या वेलींच्या द्राक्षांपासून ती वाइन बनविलेली होती, आणि दुसऱ्या क्रमांकावर होता तोच मूताँ-रोथशील्ड. परीक्षेच्या वेळी एका थोर परीक्षकाने एक घोट घेऊन आता आपण फ्रान्समध्ये परतलो, असे समाधान व्यक्त केले होते. त्याच्या हातातला पेला कॅलिफोर्नियाचा होता.

यावरून अमेरिकेची वाइन श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. मला त्यातले एकच महत्त्वाचे वाटते. लेबल दिसत असताना जी जीभ छातीठोकपणे बोलत होती, तीच लेबल झाकताच देश ओळखण्यात चुकली.

पुढे विद्यापीठांनी हा प्रश्न हाती घेतला. २००१ साली प्रसिद्ध झालेला बोर्दो येथील प्रयोग आता बराच गाजलेला आहे. द्राक्षमद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी आणि एक तांबडी वाइन देऊन गंधाचे वर्णन करायला सांगितले. नंतर तीच पांढरी वाइन गंधहीन तांबडा रंग घालून दिली. विद्यार्थ्यांनी तिच्यासाठी तांबड्या वाइनचेच शब्द वापरले. नाकाने डोळ्यांचे ऐकले.

कॅलिफोर्नियातील रॉबर्ट हॉजसन हे संख्याशास्त्र जाणणारे प्राध्यापक होते आणि स्वतः लहानसा मद्यनिर्मितीचा व्यवसायही करीत. आपल्या वाइनला एका स्पर्धेत सुवर्णपदक आणि दुसऱ्या स्पर्धेत काहीच नाही, हे त्यांना उमगेना. कॅलिफोर्निया राज्याच्या जत्रेतील स्पर्धेच्या संयोजकांनी त्यांना प्रयोगाची मुभा दिली, हे त्या संयोजकांचे मोठेपण. २००५ ते २००८ या वर्षांत परीक्षकांपुढे येणाऱ्या पेल्यांत एकाच बाटलीतली वाइन, न सांगता, तीनदा ठेवली गेली. तीच वाइन तीनही वेळा एकाच पदकाच्या योग्यतेची ठरविणारे परीक्षक सुमारे दहा टक्के निघाले. जे एका वर्षी सुसंगत ठरले, ते पुढच्या वर्षीही तसेच ठरतील याची खात्री नव्हती.

अमेरिकेतच २००८ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वीस जणांना वाइन चाखविताना प्रत्येक वेळी तिची किंमत सांगण्यात आली. त्यात तीच वाइन कधी ५ डॉलरची, तर कधी ४५ डॉलरची म्हणून दिली. किंमत जास्त सांगितली की माणसे ती अधिक आवडली असे सांगत, एवढेच नव्हे, तर मेंदूतील सुखाच्या अनुभवाशी निगडित भागही अधिक उद्दीपित झालेला यंत्रावर दिसे. ही गोष्ट मला सर्वांत विचार करायला लावणारी वाटते. महाग वाइन पिणारा श्रीमंत ढोंग करतो, असे आपण सहज म्हणतो. हा प्रयोग सांगतो की त्याला खरोखरच अधिक सुख होत असते. ते सुख मात्र द्राक्षाचे नसून किमतीचे असते. थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ साली दिखाऊ उपभोगाचे विवेचन केले आणि पिएर बोर्दिए या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९७९ साली अभिरुची ही वर्गभेदाची खूण कशी बनते हे मांडले. त्यांच्या विवेचनाला मेंदूच्या चित्राची ही जणू पुरवणीच आहे.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सहा हजारांहून अधिक चाखण्यांच्या, किंमत झाकून केलेल्या एका अभ्यासात सामान्य लोकांना महाग वाइन अधिक आवडत नाही, उलट किंचित कमीच आवडते, असे आढळले. परंतु ज्यांनी शिक्षण घेतले होते त्यांच्या बाबतीत किंमत आणि आवड यांचा थोडा संबंध दिसला. म्हणजे जिभेला शिकविता येते, हे खरे आहे. ती किती शिकली याविषयीचे दावे मात्र तिच्या कर्तृत्वाच्या पुष्कळ पुढे धावतात.

खोटे कोणी पकडले?

५ डिसेंबर १९८५ रोजी लंडनच्या लिलावात लाफीतची एक बाटली १,०५,००० पौंडांना विकली गेली. तिच्यावर १७८७ हे साल कोरलेले होते आणि अमेरिकेचे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांची आद्याक्षरे. अशा बाटल्या पुरविणारा जर्मन संग्राहक हार्डी रोडेनस्टॉक जगातील नामवंत पारख्यांना मेजवान्या देई. पुढे एका अमेरिकी धनिकाने आपल्या संग्रहातील अशाच बाटल्यांची चौकशी केली, तेव्हा त्यांच्यावरील अक्षरे विजेच्या हत्याराने कोरल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. अठराव्या शतकात वीज कोठून येणार?

रुडी कुर्नियावान याने तर न्यूयॉर्कच्या लिलावगृहांत कोट्यवधी डॉलरची ‘दुर्मिळ’ वाइन विकली. ती तो आपल्या घरात मिसळून बाटल्यांत भरी. २०१३ साली त्याच्यावरील गुन्हा सिद्ध झाला आणि पुढच्या वर्षी त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याचे बिंग फुटण्यास बर्गंडीमधील लोराँ पोन्सो हा द्राक्षमद्यकार मोठ्या प्रमाणावर कारणीभूत झाला. २००८ साली लिलावाच्या यादीत त्याला आपल्याच घराण्याच्या १९४५ पासूनच्या बाटल्या दिसल्या. ती विशिष्ट वाइन त्याचे घराणे १९८० च्या दशकापूर्वी बनवीतच नव्हते! शेतकऱ्याच्या घरातील नोंदींनी जे पकडले, ते लिलावगृहाच्या जिभांना वर्षानुवर्षे कळले नव्हते.

ऑस्ट्रियातही १९८५ साली असेच घडले. वाइनला गोडी आणि भरदारपणा यावा म्हणून काही उत्पादकांनी तिच्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळले होते. ते उघडकीस आले प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञांमुळे.

पेल्याच्या तळाशी कोण?

या सगळ्या गंधवर्णनात एक गंध कधीच नसतो. तो घामाचा.

दक्षिण फ्रान्समध्ये १९०७ साली साखरपाण्याच्या बनावट वाइनने आणि अतिउत्पादनाने भाव कोसळले. आर्जेलिए गावच्या मार्सलाँ आल्बेर या लहान द्राक्षकऱ्यामागे मार्च महिन्यात ८७ माणसे निघाली. ९ जूनला माँपेलिए शहरात पाच लाखांवर लोक जमले. पंतप्रधान क्लेमान्सोने फौजा धाडल्या, नार्बोन येथे गोळीबारात माणसे मेली. बंदोबस्तासाठी असलेल्या सतराव्या पलटणीतील सैनिकांनी बंड केले, कारण ते याच शेतकऱ्यांचे मुलगे होते. त्या उठावामुळे जूनअखेर वाइनमधील भेसळीविरुद्ध कायदा झाला. अस्सल वाइन ही कल्पना कायद्यात उतरविण्यासाठी रक्त सांडले ते मळ्यातल्या माणसांचे. तिच्यावर व्याख्याने मात्र इतरांनी दिली.

कॅलिफोर्नियातही तसेच. ८ सप्टेंबर १९६५ रोजी डिलानो येथे लॅरी इटलिआँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी द्राक्षमळ्यांत संप पुकारला. आठवड्याभरात सीझर चावेझ यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यांना मिळाली. पाच वर्षे लढा चालला. पॅरिसच्या ज्या निकालाचा उदोउदो झाला, त्याच्या सहाच वर्षे आधी त्याच राज्यातील द्राक्षमजूर संघटनेच्या साध्या मान्यतेसाठी झगडत होते.

आणि आपले काय? महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, राज्यातील द्राक्षांच्या वाइनला उत्पादनशुल्कात सवलत दिली. शेतकऱ्याला दुसरी बाजारपेठ मिळावी हा हेतू वाईट नव्हता. अनेकांनी खायच्या द्राक्षांऐवजी वाइनच्या जाती लावल्या. २००८ नंतर मंदी आली, मागणी घसरली, आणि ज्यांची द्राक्षे कोणी उचलेना त्यांनी वेली उपटल्या. खायचे द्राक्ष निदान बेदाणा करून ठेवता येते. वाइनचे द्राक्ष कारखान्याने नाकारले तर त्याला दुसरे दार नाही. जोखीम शेतकऱ्याची, आणि बाटलीवरील कहाणी दुसऱ्याची, असा हा व्यवहार.

जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे, असा युक्तिवाद ऐकू आला. मद्यार्क तोच, यकृतही तेच. बदलतो तो पेला आणि पिणाऱ्याचा वर्ग. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीच्या वस्तीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. तीत मिथेनॉल होते. त्या दारूच्या गंधाचे वर्णन कोणी केले नाही. तिची परीक्षा शवागारात झाली. एका पेल्याला राज्य सवलत देते, त्याच्यासाठी परीक्षक नेमले जातात. दुसऱ्या पेल्यात विष आहे की नाही हे पाहणारा निरीक्षकही वेळेवर पोहोचत नाही. मी दारूचा कैवारी नाही. परंतु चवीची चैन असलेल्यांसाठी प्रयोगशाळा आणि जगण्याची भ्रांत असलेल्यांसाठी पंचनामा, हा भेद मला मान्य नाही.

मोहाच्या फुलांचेही तेच. इंग्रज सरकारने १८९२ साली कायदा करून ठाणे-कुलाब्याकडील आदिवासींच्या मोहफुलांवर बंधने घातली, आणि त्यांचे घरगुती पेय गुन्हा ठरले. आता तीच मोहाची दारू देखण्या बाटलीत, ‘वारसा’ म्हणून, शहरांतील मद्यगृहांत मिरवू लागली आहे. फूल वेचणारे हात तेच आहेत. त्यांच्या घरची भट्टी मात्र अजून हातभट्टीच आहे.

ज्ञान आणि रुबाब

यावरून तज्ज्ञ नकोतच, असा अर्थ घेऊ नका. तो आळशाचा निष्कर्ष होईल. लुई पाश्चरने वाइन का बिघडते याचा शोध घेऊन १८६६ साली ग्रंथ लिहिला, तो तज्ज्ञच होता. आपल्याकडे क्षार आणि दुष्काळ सोसणाऱ्या डॉगरिज खुंटावर द्राक्षाचे कलम करणारा शेतकरी हाही तज्ज्ञच. यांचे ज्ञान चुकले तर पिंप नासते, वेल मरते. निसर्ग त्यांना रोज तपासतो. जे ज्ञान तपासाला उभे राहते ते ज्ञान. जे तपासणीची भाषा काढताच रागावते, तो रुबाब.

आपल्या जुन्या अडतबाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत असे. शेतकरी समोर उभा, पण त्याच्या मालाचा भाव त्याला दिसत नसे. १९३९ च्या मुंबई कायद्याने आणि पुढे १९६३ च्या महाराष्ट्र कायद्याने बाजार समित्यांत उघड लिलावाचा आग्रह धरला, तो रुमाल काढण्यासाठी. रुमाल काढणे आणि लेबल झाकणे, या एकाच हेतूच्या दोन कृती आहेत. जे दिसायला हवे ते दिसावे आणि ज्याने डोळे दिपतात ते दृष्टीआड व्हावे.

शेवटी आपल्या घरात डोकावतो. आपल्या शिबिरांतही पारखी आहेत, आणि मी त्यांतला एक. एकदा एका गिरणी कामगाराने साधा प्रश्न विचारला, तेव्हा मी त्याला चार मोठे ग्रंथकार ऐकवले आणि तो खाली बसला. त्याचे समाधान झाले, असे मी समजलो. वर्षभराने तो म्हणाला, “भाऊ, तुमचे उत्तर मला कळले नव्हते, पण सगळे माना डोलवत होते.” त्या शेतकऱ्याच्या हातात पेला होता, याच्या हातात माझे भाषण. अडचण दोघांची एकच होती.

म्हणून माझी एक छोटीशी सूचना आहे. पुढच्या शिबिरात ठरावांचे मसुदे मांडणाऱ्यांची नावे न सांगता वाचावेत. कोणता मसुदा ज्येष्ठाचा आणि कोणता कालच आलेल्या तरुणाचा, हे मतदान झाल्यावरच कळावे. निकाल पाहून आपल्यापैकी काहींना पॅरिसच्या परीक्षकांसारखे वाटेल. मलाही वाटेल. पण ते सोसण्याची तयारी आपल्यात नसेल, तर त्या द्राक्षकऱ्याला “तुमची जीभ खरी आहे” असे सांगण्याचा अधिकारही आपल्याला नाही.